पशुवैद्यकीय शिक्षणातील उमेदवारी

पशुवैद्यकीय शिक्षणातील उमेदवारी : ग्रंथ, व्याख्याने व प्रयोगशाळा यांतून मिळविलेले ज्ञान पशुवैद्यकाचा विद्यार्थी अनुभवी पशुवैद्याच्या देखरेखीखाली आजारी जनावरावर प्रत्यक्ष वापरू लागतो, त्या काळास उमेदवारी म्हणता येईल. मानवी वैद्यकाच्या शिक्षणातही असा काळ असतो; परंतु पशुवैद्यकात त्याचे स्वरूप निराळे आहे. येथे रोगी बोलत नाही, त्याची संमती घेता येत नाही आणि बहुधा तो कोणाच्या तरी उपजीविकेचे साधन असतो. शिकाऊ हाताकडून चूक झाल्यास वेदना जनावराला होतात आणि नुकसान मालकाला सोसावे लागते. म्हणून नवशिक्याने आपला हात कोणाच्या जनावरावर तयार करावा, हा प्रश्न या शिक्षणाच्या आरंभापासून उभा आहे. निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतील काही आज वाचतानाही अस्वस्थ करणारी आहेत.

शाळा निघण्यापूर्वी हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. यूरोपात घोड्यांची चिकित्सा नालबंद करीत. भारतात शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्ववैद्यकाची आणि पालकाप्याच्या नावावर असलेल्या हस्त्यायुर्वेदाची ग्रंथपरंपरा मोठी होती. पण घोड्याच्या पागेत प्रत्यक्ष काम करणारा सालोत्री आणि गावात गुरांना डाग देणारा, हाड बसविणारा जाणता माणूस हे विद्या शिकत ती बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली. मुलगा प्रथम दावे धरी, मग पाय बांधी, मग औषध कुटी आणि काही वर्षांनी त्याच्या हाती डागणी येई. चुकीचा दोष घराण्याच्या नावावर जाई, म्हणून बाप मुलाला सहसा घाईने पुढे करीत नसे. या पद्धतीत हात उत्तम तयार होत. मात्र बापाचे अज्ञानही तितक्याच निष्ठेने पुढच्या पिढीकडे जाई.

आधुनिक पशुवैद्यकीय शिक्षणाचा आरंभ फ्रान्समधील लीआँ येथे झाला. तेथील अश्वारोहण प्रबोधिनीचे प्रमुख क्लोद बूर्झला यांना १७६१ मध्ये शाळा काढण्याची राजाज्ञा मिळाली व १७६२ च्या आरंभी शहराबाहेरील एका जुन्या पथिकाश्रमाच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. अठराव्या शतकात बुळकांड्या रोगाच्या साथींनी यूरोपातील गोधन वारंवार उद्ध्वस्त केले होते व शाळेला राजाश्रय मिळण्याचे ते एक प्रमुख कारण होते [→ बुळकांड्या]. विद्यार्थी बव्हंशी नालबंदांची व शेतकऱ्यांची मुले होती. शाळेची भट्टी हाही त्यांचा वर्गच होता. शाळा उघडली त्याच वर्षी विद्यार्थ्यांना आसपासच्या प्रांतांत साथीच्या ठिकाणी धाडण्यात आले. जेमतेम काही महिन्यांचे शिक्षण झालेली ही मुले रोगी गुरांची निगा व निरोग्यांपासून त्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था पाहू लागली. या कामगिरीचा लौकिक झाला आणि १७६४ मध्ये शाळेला ‘राजकीय’ हे बिरुद मिळाले. पॅरिसजवळ आल्फोर येथे दुसरी शाळा १७६६ मध्ये स्थिरावली. बूर्झला यांना स्वतःला घोड्याच्या बांध्याच्या प्रमाणबद्धतेत जेवढा रस होता तेवढा गाईच्या पोटात नव्हता, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो व तो अगदीच गैर नाही. तरीही विद्यार्थ्याला रोगाच्या जागी नेऊन शिकविण्याचा पायंडा त्यांच्याच शाळेने पाडला. १७७७ च्या नियमावलीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे, धंद्यातील प्रामाणिकपणाचे व गरिबाशी करावयाच्या व्यवहाराचेही नियम घातले. लीआँ येथे शिकून गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी डेन्मार्कच्या पेटर क्रिस्टियान आबिलगोर यांनी १७७३ मध्ये कोपनहेगन येथे शाळा काढली.

आल्फोरचे नाव मात्र पुढे एका वेगळ्याच कारणाने गाजले. शस्त्रक्रियेचा सराव व्हावा म्हणून तेथे कामातून गेलेले घोडे विकत घेत आणि एकेका घोड्यावर विद्यार्थी एकामागून एक अनेक शस्त्रक्रिया करीत. हे काम तासन्‌तास चाले. क्लोरोफॉर्मचा भूल म्हणून उपयोग १८४७ पासून माहीत झाला होता. तरी या घोड्यांना भूल देत नसत. प्रेतावर शिकलेल्या हाताला वाहते रक्त व धडपडणारे जनावर ठाऊक नसते. तेव्हा त्याची पहिली चूक एखाद्या गाडीवानाच्या जिवंत घोड्यावर होण्यापेक्षा मरणारच असलेल्या घोड्यावर झालेली बरी, असे या प्रघाताच्या समर्थनार्थ सांगितले जाई. १८६० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी व प्राणिदया संस्थांनी त्याविरुद्ध मोठा गिल्ला केला व तक्रार थेट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत नेली. ब्रिटनमध्ये १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांविषयी जो कायदा झाला, त्याने केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी जिवंत प्राण्यावर प्रयोग करण्यास बंदी घातली. सरावाचे समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा सर्वस्वी पोकळ नव्हता. त्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती : वेदना पाहण्याची सवय जडलेला हात पुढे सौम्य राहील. या गृहीताची परीक्षा कोणी घेतली नाही.

ज्या ब्रिटनने आल्फोरवर टीका केली, तेथील शिक्षणाचा दोष उलट प्रकारचा होता. लंडनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १७९१ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्राध्यापक व्हियाल द सँबेल हे लीआँच्या परंपरेतील होते. ते १७९३ मध्येच मरण पावले. घोड्यांपासून माणसास होणारा शेंबा हा घातक रोग त्यांना झाला असावा, असे मानले जाते. त्यांच्यानंतर आलेले एडवर्ड कोलमन हे शल्यचिकित्सक होते व पशुचिकित्सेचा त्यांना अनुभव नव्हता. १८३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अधिकारावर राहिले. त्यांच्या काळात अभ्यासक्रम आखडत काही महिन्यांवर आला व घोड्याखेरीज अन्य जनावरांकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. गाय, मेंढी वा डुक्कर यांना हातही न लावता विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शके. एडिंबरोच्या एका नालबंदाचा मुलगा विल्यम डिक याने याच महाविद्यालयातून अल्पावधीत प्रमाणपत्र मिळविले आणि परत जाऊन १८२३ मध्ये बापाच्या भट्टीशेजारी स्वतःचे वर्ग सुरू केले. सकाळी नाल ठोकून घ्यावयास आलेले घोडे हेच त्याचे शिक्षणसाहित्य होते. लंगडणारा घोडा दिसला की विद्यार्थ्यांनी त्याला चालवून, पळवून, खूर दाबून दोष कोठे आहे ते सांगावयाचे. मालक समोर उभा असे आणि काम पैसे देऊन घेत असे; त्यामुळे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या हातातील हत्यार केव्हा काढून घ्यावे हे नीट कळत असे. आल्फोरच्या विकत घेतलेल्या घोड्याच्या पाठीशी असा मालक नव्हता.

शाळेतील शिक्षणाबरोबर व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्याकडे राहून शिकण्याची चाल ब्रिटनमध्ये कायम राहिली. १९४८ च्या कायद्यानंतर प्रशिक्षण विद्यापीठांकडे गेले, तरी सुटीत खाजगी चिकित्सालयांतून काम करण्याची अट टिकली व दीर्घकाळ ती २६ आठवड्यांची होती. ॲलीन कस्ट या आयरिश स्त्रीचे उदाहरण येथे नमूद करण्यासारखे आहे. एडिंबरो येथे शिक्षण पुरे करूनही केवळ स्त्री म्हणून तिला परीक्षेस बसू दिले गेले नाही. १९०० पासून ती आयर्लंडमध्ये एका पशुवैद्याची साहाय्यक म्हणून राहिली व पुढे स्वतंत्रपणेही काम केले. स्त्रियांवरील निर्बंध उठविणारा कायदा १९१९ मध्ये झाल्यावर १९२२ साली तिला पदविका मिळाली. म्हणजे उमेदवारी आधी आणि पदविका बावीस वर्षांनी! ‘जेम्स हेरियट’ या टोपणनावाने लिहिणारे ॲल्फ वाइट हे १९३९ मध्ये ग्लासगो येथे पदविका घेऊन १९४० मध्ये यॉर्कशरमधील थर्स्क या गावी गेले. पाठ्यपुस्तकातील गाय आणि थंडीच्या रात्री गोठ्यात अडलेली गाय यांतील अंतर त्यांनी १९७० पासून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतून जगभरच्या वाचकांना विनोदाने सांगितले.

भारत : लीआँची परंपरा भारतात आली ती विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रजाबरोबर. लिव्हरपूल येथे शल्यचिकित्सा शिकत असता गुरांच्या एका साथीची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे आले. तेव्हापासून तो पशुवैद्यकाकडे वळला व शिक्षणासाठी लीआँ येथे गेला. १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा तो अधीक्षक झाला. कंपनीला चिंता होती ती घोडदळाच्या घोड्यांची. रयतेच्या बैलाची नव्हे. पुण्यास १८६२ मध्ये निघालेली पशुवैद्यकीय शाळाही लष्करीच होती. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी हॅलेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा कोठे गुरांच्या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वळले. लाहोर येथे १८८२ मध्ये, मुंबईस १८८६ मध्ये, कलकत्त्यास १८९३ मध्ये व मद्रासला १९०३ मध्ये महाविद्यालये निघाली.

यांतील मुंबईच्या महाविद्यालयाची जन्मकथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मुंबईत निराधार जनावरे पोसणारी पांजरपोळ १८३४ पासून होती. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. जखमी व अतिश्रमाने खंगलेली जनावरे तिचे नोकर रस्त्यावरून ताब्यात घेत. पण ती ठेवावयाची कोठे, ही अडचण होती. सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले व त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले. याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. ब्रह्मदेशात खेचरांना होणाऱ्या सर्रा रोगावर त्यांनी १८८५ मध्ये संशोधन केले होते. १८९१ मध्ये ते निवर्तले, परंतु महाविद्यालयाची घडी तोपर्यंत बसली होती. तीन वर्षांच्या अभ्यासानंतर मिळणारी ‘जी. बी. व्ही. सी.’ ही पदविका पुढे अर्धशतकाहून अधिक काळ पश्चिम भारतातील पशुवैद्यांची ओळख होती.

येथे शिकण्यासाठी मुद्दाम विकत घेतलेला घोडा नव्हता आणि भट्टीपुढे पैसे मोजून उभा असलेला मालकही नव्हता. जनावरे आली होती ती त्यांचे दुःख कमी व्हावे म्हणून, आणि विद्यार्थी त्या कामात हातभार लावीत शिकणार होता. ट्रामचे घोडे (मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ते १९०५ पर्यंत चालू होती), व्हिक्टोरियाचे घोडे, बंदरावर माल ओढणारे बैल, तबेल्यांतील म्हशी असा रोग्यांचा मेळा परळला सतत असे. जूने आलेली खांदेसूज, नाल नीट न बसल्याने आलेले लंगडेपण, जिनाखालचे व्रण हे विद्यार्थ्याचे पहिले धडे. यांतील बहुतेक व्याधी माणसाने दिलेल्या होत्या. औषधाबरोबर गाडीवानाला चार शब्द सांगण्याचे कामही त्यामुळे ओघानेच त्याच्याकडे येई. परळच्या या व्यवस्थेत, प्रस्तुत लेखकाच्या मते, आल्फोरच्या प्रश्नाला त्या काळात मिळालेले सर्वांत सुसंस्कृत उत्तर होते. तिची उणीव वेगळी होती. शहरातील घोड्यांवर हात बसलेला पदविकाधर जेव्हा लोकल बोर्डाच्या दवाखान्यात जाई, तेव्हा त्याच्यापुढे घोडे क्वचित येत. येत ते घटसर्प, फऱ्या व बुळकांड्या यांनी एका रात्रीत निकामी झालेल्या गावाच्या गावाचे बैल.

मरणाविषयीचा धडाही भारतीय विद्यार्थ्याला वेगळ्या रीतीने गिरवावा लागला. ब्रिटनमध्ये १८६५–६७ च्या बुळकांड्याच्या साथीत औषधे निरुपयोगी ठरली व रोगी आणि संसर्गित गुरे मारून टाकण्याच्या उपायाने साथ आटोक्यात आली. यूरोपीय पाठ्यपुस्तकांत हाच उपाय प्रथम सांगितलेला असे. शेंबा झालेला घोडा भारतातही कायद्याने मारता येई. गाईबैलांच्या बाबतीत मात्र तो मार्ग बंद होता. येथील विद्यार्थ्याला विलगीकरण, रक्तरस व लस यांवरच भिस्त ठेवणे भाग होते. पुणे येथे १८८९ मध्ये स्थापन होऊन १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविलेल्या प्रयोगशाळेने त्याला ही साधने पुरविली. शेळ्यांतून संक्रमित करून सौम्य केलेल्या विषाणूची लस तेथे जे. टी. एड्‌वर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात तयार केली. तरीही असाध्य दुखण्याने खितपत पडलेला बैल, त्याला मरण देण्यास नकार देणारा मालक आणि मधे उभा नवखा पशुवैद्य हे चित्र खेड्यापाड्यांत नेहमीचे होते. अशा वेळी काय करावे हे कोणत्याच पुस्तकात नसे. वेदना कमी करून शेवटपर्यंत येत राहावे, एवढेच वरिष्ठ पशुवैद्य सांगू शकत.

हाताचे शिक्षण : पशुवैद्यकातील काही कौशल्ये अशी आहेत की, ती शिक्षक दाखवू शकत नाही आणि विद्यार्थ्याने केलेली त्याला दिसत नाहीत. गाईची नाडी शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूस पाहावी, डाव्या कुशीवर मूठ टेकून रवंथी पोटाची हालचाल मोजावी, हे शेजारी उभे राहून शिकविता येते. गुदमार्गे हात घालून गर्भाशय चाचपणे मात्र तसे नाही. खांद्यापर्यंत हात आत, समोर केवळ जनावराची पाठ. बोटांना लागते ते आतड्याचे वेटोळे, मूत्राशय की गर्भाशयाचे शिंग, हे सांगावयास शिक्षक आत नसतो. सुरुवातीचे काही आठवडे विद्यार्थ्याला शेणाखेरीज काहीच कळत नाही, ही या वर्गातील जुनी थट्टा आहे. तयार हाताला दोन ते तीन महिन्यांचा गर्भ सहज ओळखता येतो. जेथे म्हशीचा माज बहुधा मुका असतो, तेथे गाभण नसलेली म्हैस वेळीच ओळखता न आल्यास शेतकऱ्याचे दुधाचे एक वर्ष वाया जाते.

अडलेल्या गाईच्या बाबतीत तर विचारास वेळही नसतो. योनिमार्गात लागलेला पाय पुढचा की मागचा हे अंधारात ठरवावे लागते. खुरावरचा सांधा व त्याच्या वरचा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर तो पुढचा पाय; विरुद्ध दिशांनी वाकत असतील तर मागचा. हा नियम परीक्षेत सर्वांना येतो. कळा देणारी गाय हात आवळून धरते, बोटे बधिर होतात आणि घरातील माणसे कंदील धरून भोवती उभी असतात, तेव्हा तो आठवावा लागतो. वासरू मागे ढकलून मगच वळवावे, कळेच्या विरुद्ध जोर करू नये, दोन माणसांनी ओढून न आल्यास चार माणसे लावू नयेत, या गोष्टी अनुभवी पशुवैद्य उमेदवाराला सांगतात. बहुधा ते त्याच्या हातातील दोर काढून घेता घेता. वार काढताना व गाभडलेल्या जनावराला हाताळताना संसर्गाचा धोका असतो. डॅनिश पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधला; तो माणसालाही दीर्घकाळ ताप आणतो व पशुवैद्यांत हे दुखणे वारंवार आढळते.

माणसांशी वागण्याचे शिक्षण याच काळात होते. खेड्यातील मालक रोगाची हकिगत सरळ क्वचित सांगतो. शेजारच्या जाणत्याकडून डाग देऊन झालेला असतो, झाडपाला पाजून झालेला असतो आणि या गोष्टी डॉक्टर रागावतील म्हणून तो दडवितो. प्रथम त्याला बसवून, जनावर घेतले कधी, खाते काय, पाणी कोठले, असे साधे विचारणारा उमेदवार रोगनिदानापर्यंत लवकर पोहोचतो. जनावराचे दावे कोणी धरावे, हेही ठरलेले असते. गाय बाईच्या हातची असेल, तर तिलाच पुढे बोलवावे; निम्मे काम तेथेच होते.

स्वातंत्र्यानंतरचा काळ : पशुवैद्यांची संख्या कामाच्या मानाने नेहमीच अपुरी राहिली. शेतीविषयक राजकीय आयोगाने १९२८ मध्ये २५,००० गुरांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचविले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये हे प्रमाण ५,००० गुरांमागे एक असे धरले. नागपूर (१९५८) व परभणी (१९७२) येथे महाविद्यालये निघाली. पुढे उदगीर व शिरवळ यांची त्यांत भर पडली आणि २००० मध्ये ती सर्व महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आली. खेड्यांना जवळ असलेल्या या महाविद्यालयांमुळे परळची जुनी उणीव पुष्कळ अंशी भरून निघाली.

प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा भारतीय कायदा केवळ हस्तकौशल्यासाठी जिवंत प्राण्यांवर प्रयोग शक्यतो करू नयेत असे सांगतो. आल्फोरवरून उठलेल्या वादळाचा प्रतिध्वनी त्यात स्पष्ट आहे. आता सराव प्रथम खाटीकखान्यातून आणलेल्या अवयवांवर व प्रतिकृतींवर करून घेतात. ग्लासगो विद्यापीठात सारा बेली यांनी या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या यांत्रिक गाईत हात घातल्यावर विद्यार्थ्याला गर्भाशयाचा स्पर्शानुभव मिळतो आणि त्याचे बोट कोठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते. हात आत असताना शिक्षकाला तो प्रथमच दिसू लागला. अशी साधने सर्वत्र नाहीत व जेथे आहेत तेथेही गोठ्यातील उमेदवारी टळत नाही. १९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०१६ च्या नियमांनी पदवीचा काळ साडेपाच वर्षांचा केला व त्यातील अखेरचे संपूर्ण वर्ष उमेदवारीसाठी राखून ठेवले.

बुळकांड्याचा रोगी आजच्या विद्यार्थ्याला पाहावयास मिळत नाही. १९५४ पासून चाललेल्या लसीकरणाच्या मोहिमेनंतर भारतात त्याची शेवटची नोंद १९९५ मध्ये झाली आणि २०११ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याची लक्षणे आता चित्रांवरून शिकवितात. साथी मात्र संपलेल्या नाहीत. भारतात २०१९ मध्ये प्रथम आढळलेला लंपी हा गुरांचा चर्मरोग २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना टोचण्याच्या कामी सरकारी पशुवैद्यांबरोबर महाविद्यालयांतील उमेदवारही गावोगाव गेले.